खुब्याच्या इजा, अपस्मारजन्य

खुब्याच्या इजा, अपस्मारजन्य : अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) झटक्यात स्नायूंच्या तीव्र आकुंचनामुळे अथवा शुद्ध हरपून पडल्यामुळे खुब्याच्या सांध्यास होणाऱ्या इजांना ही संज्ञा लावतात. मांडीच्या हाडाची (ऊर्वस्थीची) मान मोडणे, या हाडाचे गोलाकार शीर्ष सांध्याच्या वाटीतून निखळणे आणि ते शीर्ष वाटीचा तळ फोडून श्रोणीच्या (ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या घेराच्या) पोकळीत घुसणे या तीन इजा विशेष महत्त्वाच्या आहेत. अशा इजा विरळ असल्या, तरी त्यांचे निदान पुष्कळदा उशिरा होते व उशीर झाल्यास सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. त्यांच्या उपचारात शस्त्रक्रियेला मुख्य स्थान आहे. तथापि केवळ मोडलेले हाड जोडल्याने उपचार पूर्ण होत नाहीत. झटक्यांचे नियंत्रण आणि हाडांच्या दुर्बलतेवरील उपचार यांची शस्त्रक्रियेला जोड न मिळाल्यास पुढील झटक्यात सर्व श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

शारीर व कारणे : खुबा हा उखळीचा सांधा आहे. ऊर्वस्थीचे शीर्ष श्रोणीच्या हाडातील खोल वाटीत (उलूखलात) बसलेले असते. सांध्याभोवती बळकट बंध व त्यांवर शरीरातील काही सर्वांत शक्तिमान स्नायू असतात. या रचनेमुळे निरोगी माणसाचा खुबा सहसा निखळत नाही. त्यासाठी वाहनाच्या अपघातासारखा मोठा आघात लागतो. अपस्माराच्या सार्वदेहिक झटक्यात मात्र हेच बळकट स्नायू इजेचे कारण ठरतात. झटक्याच्या पहिल्या अवस्थेत सर्व शरीर काही सेकंद ताठ होते व त्यानंतर एकदोन मिनिटे हातापायांना आचके येतात. एरव्ही एक स्नायुगट आकुंचन पावताना त्याच्या विरुद्ध कार्य करणारा गट सैल पडतो. झटक्यात हा समन्वय नाहीसा होऊन दोन्ही गट एकाच वेळी पूर्ण शक्तीने आकसतात. त्यामुळे ऊर्वस्थीचे शीर्ष वाटीच्या तळावर दाबले जाते आणि मानेवर वाकविणारा व पिळणारा ताण पडतो. उभ्या स्थितीत झटका आल्यास शरीर सावरण्याची कोणतीही प्रतिक्रिया होत नाही; माणूस ओंडक्यासारखा कोसळतो व मांडीच्या वरच्या भागाच्या बाहेरील उंचवट्यावर सर्व भार येतो. प्रत्यक्षात बहुसंख्य इजा पडल्यामुळे होतात. परंतु अंथरुणात झोपलेल्या रुग्णासही केवळ आकुंचनामुळे अस्थिभंग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात नोंदलेली आहेत.

बाह्य आघाताशिवाय हाड मोडू शकते, याचा स्पष्ट पुरावा मानसोपचाराच्या इतिहासात मिळाला. १९३४ पासून रासायनिक द्रव्याने व १९३८ पासून विद्युत्‌ प्रवाहाने मनोरुग्णांना मुद्दाम आचके आणण्याची उपचारपद्धती रूढ झाली. बिछान्यावर निजलेल्या या रुग्णांपैकी अनेकांच्या पाठीचे मणके दबले गेले आणि काहींच्या खुब्याची व खांद्याची हाडे मोडली. अमेरिकन मानसोपचारतज्ञ ए. ई. बेनेट यांनी १९४० मध्ये कुरारे हे स्नायू शिथिल करणारे द्रव्य उपचारापूर्वी देण्याची पद्धत सुचविली आणि अशा इजा टळू लागल्या. मेंदूतील विद्युत्‌ खळबळ तशीच राहून स्नायूंचे आकुंचन तेवढे कमी होताच हाडे सुरक्षित राहिली. यावरून इजेचे मूळ आकुंचनात आहे, हे सिद्ध झाले.

हाडांची दुर्बलता : अपस्माराच्या रुग्णांत अस्थिभंगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सु. दुप्पट आढळते. पडणे व आचके यांखेरीज औषधांचा दीर्घकालीन परिणाम हेही त्याचे एक कारण आहे. फिनोबार्बिटल (१९१२ पासून) व फेनिटॉइन (१९३८ पासून) या औषधांनी असंख्य रुग्णांचे जीवन सुसह्य केले. परंतु ही औषधे आणि कार्बामाझेपीन यांच्यामुळे यकृतातील काही एंझाइमांची क्रियाशीलता वाढते व ड जीवनसत्त्वाचे विघटन जलद होते. परिणामी आतड्यातून कॅल्शियमाचे शोषण घटते, परावटू ग्रंथींचा स्राव वाढतो आणि हाडातील खनिज द्रव्य कमी होऊ लागते. व्हॅल्प्रोएटाचाही हाडांवर अनिष्ट परिणाम होतो. मात्र त्याची क्रिया निराळी असते. उन्हात वावर कमी असणे, आहारात दूध व अन्य कॅल्शियमयुक्त पदार्थांचा अभाव, झटक्याच्या भीतीने घरात बसून राहणे यांमुळे ही दुर्बलता वाढते. म्हणून तिशीतील रुग्णाचे हाडही वृद्धाच्या हाडाप्रमाणे सहज मोडू शकते. तथापि या भीतीने औषधे बंद करणे अत्यंत धोक्याचे असते, कारण औषधे अचानक थांबविल्यास झटक्यांची मालिकाच सुरू होऊ शकते.

प्रकार : (१) ऊर्वस्थीच्या मानेचा अस्थिभंग : शीर्षाला रक्त पुरविणाऱ्या बहुतेक रोहिण्या मानेच्या पृष्ठभागावरून वर जातात. भंग पावलेले तुकडे सरकल्यास या रोहिण्या तुटतात अथवा पिळल्या जातात आणि शीर्षाचा ऊतकमृत्यू होऊ शकतो. काही वेळा दोन्ही खुब्यांच्या माना एकाच झटक्यात मोडतात. (२) मानेच्या खालील उंचवट्यांच्या भागाचा अस्थिभंग : येथे रक्तपुरवठा चांगला असल्याने हाड सहसा जुळते, मात्र रक्तस्राव अधिक होतो. (३) पश्च निखळण : शीर्ष वाटीबाहेर मागे सरकते. लगतच्या आसनतंत्रिकेस इजा झाल्यास पाऊल लुळे पडते. (४) मध्यवर्ती अस्थिभंग-निखळण : शीर्ष वाटीचा तळ फोडून आत शिरते. या प्रकारात श्रोणीतील रक्तवाहिन्या फाटून प्राणघातक रक्तस्राव होण्याची भीती असते. झटक्यानंतर नाडी जलद व रक्तदाब कमी आढळल्यास ही शक्यता प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

निदान : झटका ओसरल्यावर रुग्ण काही काळ गुंगीत व गोंधळलेल्या स्थितीत असतो. त्याला वेदना नीट सांगता येत नाही. सर्व अंग दुखणे हे झटक्यानंतर नेहमीचेच असल्याने खुब्याच्या दुखण्याकडे नातेवाइकांचे व काही वेळा वैद्याचेही दुर्लक्ष होते. मतिमंद किंवा बोलू न शकणाऱ्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. पाय आखूड दिसणे व पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असणे हे मानेच्या अस्थिभंगाचे, तर पाय किंचित दुमडून आतील बाजूस वळलेला असणे हे पश्च निखळणीचे लक्षण होय. तुकडे एकमेकांत रुतून बसले असल्यास ही लक्षणे दिसत नाहीत; रुग्ण लंगडत चालूही शकतो. जांघेत दुखणे व टाच उचलता न येणे एवढ्यावरूनही क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. तीत दोन्ही खुबे दिसतील असे चित्र घेतात. वाटीच्या अस्थिभंगाचे स्वरूप सीटी स्कॅनने स्पष्ट होते आणि क्ष-किरणांत न दिसणारी बारीक चीर एमआरआय तपासणीत दिसते. खांदे व पाठीचे मणके यांचीही तपासणी करावी लागते, कारण त्याच झटक्यात त्यांनाही इजा झालेली असू शकते.

याउलट, खुब्याच्या अस्थिभंगाने आलेल्या तरुण रुग्णास अपस्मार आहे, हेच लपविले जाण्याचा प्रसंग येतो. ‘न्हाणीघरात पाय घसरला’ एवढीच माहिती दिली जाते. किरकोळ कारणाने तरुणाचा खुबा मोडला असल्यास शुद्ध हरपली होती काय, जीभ चावली गेली होती काय, कपड्यात लघवी झाली होती काय, असे प्रश्न विचारणे आवश्यक असते. पहिलाच झटका असेल, तर रक्तातील साखर व सोडियम यांचे प्रमाण, मद्यपान सोडल्याने आलेले आचके, मेंदूतील गाठी आणि भारतात वारंवार आढळणारा मेंदूतील फीतकृमींच्या डिंभांचा रोग यांचा शोध घ्यावा लागतो.

इतिहास : अपस्मार व अस्थिभंग हे दोन्ही विषय प्राचीन भारतीय वैद्यकात आलेले आहेत. चरकसंहितेत अपस्माराचे निदान व चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. सुश्रुतसंहितेत सांधा निखळणे (संधिमुक्त) व हाड मोडणे (कांडभग्न) असे भग्नाचे दोन वर्ग केले असून मांडी व कटी यांच्या भग्नात रुग्णास फळीवर निजवून खुंट्यांच्या साहाय्याने अवयव स्थिर ठेवण्याची ‘कपाटशयन’ ही पद्धत सांगितली आहे. यूरोपात ऊर्वस्थीच्या मानेच्या अस्थिभंगाचे वर्णन फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञ आंब्र्वाझ पारे यांनी सोळाव्या शतकात केले. संधिकोशाच्या आतील व बाहेरील अस्थिभंगांतील महत्त्वाचा भेद ब्रिटिश शस्त्रक्रियातज्ञ ॲस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये दाखवून दिला. तेव्हा महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहण्यावाचून इलाज नव्हता व अनेक रुग्ण फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) आणि शय्याव्रण यांनी दगावत.

अमेरिकेतील स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाकळ्यांच्या धातूच्या खिळ्याने मान जोडण्याची पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून शस्त्रक्रियेचे आधुनिक युग सुरू झाले. वाटीच्या अस्थिभंगांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण फ्रान्समधील झ्यूदे व लतूर्नेल यांनी १९६४ मध्ये मांडले. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ पासून धातूचे शीर्ष व पॉलिएथिलिनाची वाटी वापरून संपूर्ण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे के. टी. ढोलकिया यांची गणना होते. तळवलकर यांच्या नावाने ओळखले जाणारे द्विध्रुवी कृत्रिम शीर्ष भारतात वापरले गेले आहे.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी : निखळलेला सांधा शक्य तितक्या लवकर, सामान्यतः सहा तासांच्या आत, संवेदनाहरण करून बसवितात. त्यानंतर विलंब झाल्यास शीर्षाच्या ऊतकमृत्यूचा धोका वाढतो. तरुणांतील मानेचा अस्थिभंगही तातडीचा मानला जातो. वाटीच्या अस्थिभंगात प्रथम रक्तस्राव आटोक्यात आणतात व ऊर्वस्थीच्या खालच्या टोकातून घातलेल्या तारेस वजन बांधून शीर्ष बाहेर खेचून धरतात. रुग्णाची स्थिती स्थिर झाल्यावर, शक्यतो पहिल्या एक-दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया करतात.

शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहावे लागते म्हणून अपस्माराची गोळी चुकविणे ही नेहमी घडणारी व घातक चूक आहे. नेहमीची मात्रा घोटभर पाण्याबरोबर देता येते. ते शक्य नसल्यास फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरॅसिटाम ही औषधे नीलेतून देतात. व्हॅल्प्रोएटामुळे रक्त साखळण्याच्या क्रियेत दोष येऊ शकतो, म्हणून तशी तपासणी करून घेतात. ट्रॅमाडॉल व पेथिडीन या वेदनाशामकांमुळे झटका येण्याचा संभव असल्याने ती टाळतात. जागरण, ताप व रक्तातील सोडियमाची घट यांमुळेही झटका येऊ शकतो. म्हणून त्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

शस्त्रक्रिया : कोणती शस्त्रक्रिया करावी हे रुग्णाचे वय, हाडाची बळकटी, इजा होऊन गेलेला काळ आणि झटके कितपत आटोक्यात आहेत यांवर अवलंबून असते. तरुण रुग्णात स्वतःचे शीर्ष वाचविण्याचा प्रयत्न करतात. क्ष-किरण पडद्यावर पाहत तुकडे मूळ जागी आणून सामान्यतः तीन पोकळ स्क्रूंनी किंवा पट्टीला जोडलेल्या सरकत्या स्क्रूने ते पक्के बसवितात. तुकडे तंतोतंत जुळणे हे यशाचे मुख्य गमक होय. उंचवट्यांच्या भागातील अस्थिभंगात सरकता स्क्रू अथवा हाडाच्या पोकळीतील खिळा वापरतात. दुर्बल हाडात स्क्रूंची पकड ढिली असते व एका झटक्याने ते निसटू शकतात, ही अपस्माराच्या रुग्णांतील विशेष अडचण आहे.

वाटीच्या अस्थिभंगात जांघेकडील किंवा ओटीपोटाच्या बाजूने छेद घेऊन वाटीचा फुटलेला तळ धातूच्या वाकविलेल्या पट्ट्यांनी आतून आधार देऊन बांधतात. ही शस्त्रक्रिया कठीण असून मोठ्या रक्तवाहिन्या व मूत्राशय यांना जपावे लागते. हाड अतिशय ठिसूळ असल्यास किंवा शीर्षाचाही चुरा झाला असल्यास वाटीचा तळ अस्थिरोपणाने भरून संपूर्ण सांधा बदलतात.

वृद्धांत सरकलेल्या मानेच्या अस्थिभंगासाठी आणि तरुणांत जुना न जुळलेला अस्थिभंग अथवा शीर्षाचा ऊतकमृत्यू झाल्यास कृत्रिम सांधा बसवितात. केवळ शीर्ष बदलणे अथवा शीर्ष व वाटी दोन्ही बदलणे असे त्याचे दोन प्रकार आहेत. झटक्यात कृत्रिम सांधा निखळण्याची शक्यता हा येथील मोठा प्रश्न आहे. त्यासाठी मोठ्या व्यासाचे शीर्ष निवडणे, सांध्यामागील कोश व स्नायू शाबूत ठेवणे किंवा पुन्हा शिवणे हे उपाय करतात. झील बूस्के यांनी १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये विकसित केलेला दुहेरी गतिशीलतेचा सांधाही अशा रुग्णांत उपयुक्त ठरतो. त्यात लहान शीर्ष एका मोठ्या पॉलिएथिलिनाच्या गोलात व तो गोल धातूच्या वाटीत फिरतो, त्यामुळे सांधा निखळण्यास अधिक विस्थापन लागते. जंतुसंसर्ग झालेल्या अथवा वारंवार निखळणाऱ्या सांध्यात अखेरचा उपाय म्हणून शीर्ष काढून टाकावे लागते (गर्डलस्टोन शस्त्रक्रिया). त्यामुळे वेदना थांबते. परंतु पाय आखूड होऊन आधाराशिवाय चालणे कठीण होते.

उत्तरोपचार : हाड जुळेपर्यंत कित्येक आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही. कुबड्यांवर चालताना झटका आल्यास नवी इजा होते, म्हणून सुरुवातीस सोबत माणूस असणे इष्ट असते. अपस्माराच्या रुग्णाने पडण्याच्या भीतीने जमिनीलगत झोपावे, असे सामान्यतः सुचवितात. कृत्रिम सांध्याच्या रुग्णास मात्र जमिनीवर बसण्या-उठण्यास मनाई असते. अशा वेळी मध्यम उंचीची रुंद खाट भिंतीला टेकवून मोकळ्या बाजूस जमिनीवर गादी अंथरणे हा व्यवहार्य मार्ग होय. उकिडवे बसणे व मांडी घालणे टाळावे लागत असल्याने शौचास खुर्चीवजा बैठकीची सोय करावी लागते. शेती, बांधकाम किंवा कारखान्यातील उभ्याचे काम करणाऱ्यास व्यवसाय बदलावा लागू शकतो. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम पुरेशा मात्रेत देतात. हाडाची घनता मोजून गरजेनुसार अन्य औषधांची जोड देतात. एंझाइमे उत्तेजित करणाऱ्या औषधाऐवजी दुसरे औषध देता येईल काय, हे तंत्रिकातज्ञ ठरवितो. शीर्षाचा ऊतकमृत्यू दोन वर्षांपर्यंत किंवा त्यानंतरही दिसू शकतो, म्हणून तोपर्यंत नियमित क्ष-किरण तपासणी करतात.

उपचारांची सोय : अशा रुग्णास अस्थिशल्य, तंत्रिकाविज्ञान व अतिदक्षता या तिन्ही शाखांची गरज असते आणि त्या एकत्र सामान्यतः मोठ्या रुग्णालयांतच मिळतात. ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील मोहने हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. उल्हास नदीकाठचे हे गाव नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यामुळे वाढले. हा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. येथील रुग्णास जवळचे सार्वजनिक रुग्णालय म्हणजे कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय. त्यापुढे मध्य रेल्वेच्याच मार्गावर कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय व परळ येथील के. ई. एम. रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये आहेत. खुबा मोडलेल्या माणसाला आंबिवली स्थानकाच्या जिन्यांवरून उचलून लोकल गाडीने नेणे हे मात्र सर्वस्वी अयोग्य होय. दोन्ही पायांमध्ये घडी घातलेली चादर ठेवून ते एकत्र बांधावेत आणि रुग्णास आडव्या स्थितीतच न्यावे. यासाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या दूरध्वनी क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ मध्ये महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असे नाव दिलेल्या राज्य शासनाच्या योजनेत अस्थिभंगांवरील अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे.

प्रतिबंध : झटका चालू असता रुग्णाचे हातपाय दाबून धरू नयेत, त्यामुळे आचके थांबत नाहीत, उलट इजेची शक्यता वाढते. कांदा, चप्पल वा किल्ल्या नाकाशी किंवा हातात देण्याचा काहीही उपयोग नसतो. आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे व आचके थांबताच रुग्णास कुशीवर वळवावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर आल्यानंतर रुग्णाला लगेच उभे करू नये. प्रथम आडव्या स्थितीतच दोन्ही पाय आळीपाळीने उचलता येतात काय व जांघेत दुखते काय, हे पाहावे. दुखत असल्यास मालीश करू नये किंवा पाय ओढून बसविण्याचा प्रयत्न करू नये.

रोग लपविण्याची वृत्ती हा प्रतिबंधातील मोठा अडथळा आहे. तिच्यामागे विवाह जुळण्याची चिंता प्रामुख्याने असते. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील विवाहाच्या अटींतून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला; परंतु लोकमत कायद्याच्या मागे राहिले आहे. औषधे चोरून घेतली जातात, त्यात खंड पडतो व झटके पुन्हा येतात. नियमित औषधांनी बहुसंख्य रुग्णांचे झटके आटोक्यात राहतात आणि झटका टळला की खुब्याची इजाही बहुधा टळते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर जोडलेला वा बदललेला सांधा किती वर्षे टिकेल, हे शस्त्रक्रियातज्ञाच्या कौशल्याइतकेच त्याच्या रोजच्या गोळीवर अवलंबून असते.